खर्च वाचला म्हणजे उपचार अडवले का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, तेव्हा ‘धन्यवाद, विचार करतो’ म्हणून सुटका करून घेत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतल्या मॅनेज्ड केअरबद्दल (कोणते उपचार, कुठे आणि कधी, यावर विमा योजनाच लगाम ठेवते ती पद्धत) ‘खर्च कमी, दर्जा साधारण तेवढाच’ हा मी सांगितलेला निष्कर्ष म्हणजे विमा कंपन्यांचा हिशेब आहे, उपचार अडवल्याशिवाय पैसा वाचत नसतो, आणि तिकडे राहणाऱ्या तुमच्या बहिणीचा एमआरआय कंपनीने दोनदा नाकारला, तिला ही सरासरी सांगून काय उपयोग?

आधी बहिणीचं. तिची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे तिच्या बाबतीत कोण चुकलं ते मी सांगणार नाही. पण असं घडतं, यात शंका नाही. २०२२ मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज (मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या, खासगी कंपन्या चालवतात त्या) योजनांनी उपचाराआधी घ्यावी लागणारी पूर्वमंजुरी नाकारलेल्या प्रकरणांचा नमुना काढून तपासला. त्यातली १३ टक्के मेडिकेअरच्या नियमांत व्यवस्थित बसत होती. कारणंही वाचण्यासारखी आहेत. एमआरआयसारख्या तपासणीआधी एक्स-रे झालाच पाहिजे, अशी मेडिकेअरच्या नियमांत नसलेली अट कंपनीने स्वतःच घातलेली. किंवा ‘कागदपत्रं अपुरी’ असा शेरा, आणि लागणारे कागद आधीपासून फाइलमध्येच. ही तपासणीसुद्धा आकडेवारीचीच आहे बरं का. तुमच्या बहिणीसारख्यांची तक्रार एका घरापुरती नाही, हे या तपासणीमुळेच ठामपणे म्हणता येतं.

आता ‘अडवल्याशिवाय पैसा वाचत नाही’ याबद्दल. हे खरं धरायचं तर आधी जे उपचार होत होते ते सगळे गरजेचे होते, असं मानावं लागेल. ते मानता येत नाही. १९७३ मध्ये जॉन वेनबर्ग आणि अ‍ॅलन गिटेलसोन या संशोधकांनी अमेरिकेतल्या व्हरमाँट या छोट्याशा राज्यातल्या रुग्णालयांच्या नोंदी भागवार मांडल्या. टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण एका भागात दर दहा हजार माणसांमागे १३, तर दुसऱ्या भागात १५१. लोक साधारण सारखेच, आजारही सारखेच. एका भागातल्या पोरांचे घसे दुसऱ्यांपेक्षा अकरा पटींनी बिघडलेले असतील, यावर कोण विश्वास ठेवेल? बदलत होती ती तिथल्या डॉक्टरांची सवय. १५१ वाल्या भागात शस्त्रक्रिया कमी झाल्या असत्या तर पैसा वाचला असता आणि कित्येक मुलं विनाकारण भूल घेण्यातून सुटली असती. अर्थात १३ हाच योग्य आकडा, असंही नुसत्या प्रमाणावरून म्हणता येत नाही. तिथे कुणाचा खरोखर गरजेचा उपचार राहूनही गेला असेल.

म्हणून मला अमेरिकेतल्या सिएटल शहरातला प्रयोग महत्त्वाचा वाटतो. ‘धडधाकट लोकच एचएमओ (ठरावीक रकमेत, ठरलेल्या डॉक्टर-रुग्णालयांकडूनच उपचार देणारी मॅनेज्ड केअर योजना) निवडतात, मग खर्च कमी दिसणारच’ हा आक्षेप पूर्वीच्या अभ्यासांना लागू पडायचा. रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगात निवड लोकांवर सोडलीच नाही. कोणतं कुटुंब कोणत्या योजनेत, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा होता, विमा कंपन्यांचा नव्हे. ठरावीक रक्कम आगाऊ घेऊन सगळे उपचार करणाऱ्या सिएटलच्या सहकारी संस्थेतल्या लोकांचं रुग्णालयात दाखल होणं, डॉक्टर दर भेटीचं बिल लावतात पण ते रुग्णाला भरावं लागत नाही अशा मोफत योजनेतल्या लोकांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं, एकूण खर्च साधारण एक चतुर्थांशाने कमी. डॉक्टरकडच्या साध्या भेटी मात्र जवळपास तेवढ्याच. बचत झाली ती खाटांवर.

आणि तब्येत? सरासरी माणसात फारसा फरक दिसला नाही. पण ज्यांचं उत्पन्न कमी होतं आणि जे सुरुवातीलाच आजारी होते, त्यांची अवस्था दर भेटीच्या बिलाच्या त्या मोफत योजनेतल्या तशाच लोकांपेक्षा वाईट राहिली. अंथरुणाला खिळलेले दिवस जास्त, गंभीर लक्षणं जास्त. तुमचा संशय ज्या माणसांबद्दल आहे, ती माणसं याच अभ्यासात सापडतात. कंपनीच्या माहितीपत्रकात ही ओळ तुम्हाला दिसायची नाही.

जिथे मी तुमच्या बाजूला आहे, ते आता सांगतो. सिएटलच्या त्या संस्थेतले डॉक्टर पगारी होते आणि रुग्णालयही संस्थेचंच. दाखल करायचं की नाही, हे रुग्णाला तपासणारा डॉक्टर ठरवायचा. आजच्या बहुतेक योजनांत डॉक्टर बाहेरचा आणि नकाराचं पत्र पाठवणारा तिसराच, त्याने रुग्णाचं तोंडही पाहिलेलं नसतं. दोन्हींना मॅनेज्ड केअरच म्हणतात. पण तेव्हाचा निकाल आजच्या योजनांच्या नावाने प्रमाणपत्र म्हणून फिरवणं मला मान्य नाही.

दर्जाच्या मोजमापालाही अशीच मर्यादा आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर बीटा ब्लॉकर (हृदयावरचा ताण कमी करणारं औषध) देतात की नाही, हे योजनावार मोजून जाहीर करायला लागल्यावर १९९६ मध्ये सुमारे दोन तृतीयांश असलेलं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. आता मोजण्यासारखं काही उरलं नाही म्हणून २००७ मध्ये ते मोजमापच बंद केलं. हा फायदा खरा आहे, जीव वाचवणारा आहे. पण उपचारांचा कल तपासणारे बरेचसे अभ्यास बिलांच्या नोंदींवर चालतात. नाकारलेला एमआरआय होतच नाही, त्याचं बिल निघत नाही, आणि नोंदीत तुमच्या बहिणीच्या नावापुढे फक्त एक तपासणी कमी दिसते. ती नको होती म्हणून झाली नाही की अडवली म्हणून, हे त्या तक्त्यावरून कळायला मार्ग नाही. त्यासाठी नकार आणि अपिलांच्या नोंदी वेगळ्या लागतात. २०२४ च्या जानेवारीत मंजूर झालेल्या केंद्रीय नियमाने मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज आणि मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याच्या) योजनांना, २०२६ पासून, नकाराचं नेमकं कारण देणं आणि असे आकडे जाहीर करणं बंधनकारक केलं आहे.

बहिणीचा विमा नोकरीतून मिळालेला असेल तर हा नियम तिला लागू नाही. पण कंपनीकडे अपील करण्याचा, आणि तेही फेटाळलं तर वैद्यकीय गरजेच्या मुद्द्यावर बाहेरच्या स्वतंत्र तपासनिसाकडे जाण्याचा हक्क अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने बहुतेक योजनांत दिलेला आहे. अपिलाला साधारणपणे नकार मिळाल्यापासून १८० दिवसांची मुदत असते. नकाराच्या पत्रात कारण काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचायला सांगा; ‘आधी एक्स-रे’ किंवा ‘कागद अपुरे’ असेल, तर तिच्या डॉक्टरांच्या ऑफिसातून नेमकं त्याच मुद्द्याला उत्तर जायला हवं.