फुकटचा कारल्याचा रस

परवा बेळगावच्या खडेबाजारात पाव किलो कुंदा, म्हणजे आमच्याकडची खव्याची मिठाई, घेतला. पैसे दिले, पुडा हातात येतोय तोच मागून एक हात आला आणि पुडा गेला.

"तुम्हाला शुगर आहे की वो!"

हात एका निवृत्त गृहस्थांचा. रक्त तपासायच्या रांगेत ते माझ्यामागे उभे होते, एवढीच आमची ओळख. तेवढ्या भांडवलावर भरल्या दुकानात सुरू झाले, "मी सांगूलोय ते ऐका. तुमच्या अंगात इन्सुलिनच नाही. सकाळी उठून कारल्याचा रस घ्या. महिन्याभरात इन्सुलिन तयार!"

"काका, इन्सुलिन आहे. पेशी ऐकत नाहीत."

"कोण ऐकत नाही?"

"पेशी."

"मग त्यांना द्या की रस!"

दुकानातल्या दोन बायका हसल्या. त्यातली एक आमच्या गल्लीतली, म्हणजे संध्याकाळपर्यंत बातमी घरी. मी समजवायला गेलो, हा आमचा खानदानी रोग. म्हटलं, काका, निरोप द्यायला इन्सुलिनला पेशीच्या आत जावं लागत नाही. कचेरीत अर्ज खिडकीवरच घेतात, तसं. पेशीच्या पटलावर रिसेप्टर असतो, तीच ही खिडकी. इन्सुलिन त्याला बाहेरून चिकटतं, की रिसेप्टरच्या आतल्या टोकावर फॉस्फेटचे शिक्के पडतात. मग अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी आत पडून असलेली ग्लूट-४ नावाची दारं पटलावर येतात आणि साखर आत शिरते. टाइप दोन मधुमेहात, म्हणजे माझ्यात, अर्ज खिडकीवर पोचतो, टेबलं हलत नाहीत. इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड बिचारं आणखी अर्ज पाठवत बसतं आणि पुढंपुढं तेही थकतं.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. ऐकता ऐकता पुडा सोडून कुंदा खाल्ला.

"मला चालतंय. रसावर आहे मी."

इथं माझं डोकं फिरलं, आणि डोकं फिरणं हेही पुन्हा रिसेप्टरचंच काम. अ‍ॅड्रेनलिन हे रागा-भीतीचं हार्मोन रक्तात उतरतं, यकृताच्या पेशीला बाहेरूनच चिकटतं. आत जी-प्रोटीन नावाचा शिपाई जागा होतो, सायक्लिक एएमपी नावाचा आतला निरोप्या तयार होतो. प्रत्येक टप्प्यावर निरोप मोठा होत जातो आणि ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, फुटून साखर रक्तात येते. अर्ल सदरलँड या अमेरिकी शास्त्रज्ञाला 1971 चं नोबेल मिळालं ते हार्मोनच्या याच कारभाराचा छडा लावल्याबद्दल. म्हणे, संकटात पळता यावं म्हणून ही सोय. पळणार कुठं? दारात रिक्षा आडवी, पुढं काका.

बरं, पळालो असतो तर फायदाच होता. स्नायू हलले की ती ग्लूट-४ ची दारं इन्सुलिनची वाट न बघता वर येतात. पण मी सभ्य माणूस, उभा राहिलो. कुंद्याचा कण तोंडात गेला नाही आणि साखर मात्र चढली असणार. न्यायानं ती काकांच्या खात्यावर पडायला हवी. पण रिपोर्टवर नाव माझंच येतं, आणि तपासणीचे पैसेही मीच भरतो. कुंद्याचे भरले तसेच.