त्या ७० टक्केवाल्या स्क्रीनशॉटबद्दल खुलासा

राजेहो, आपल्या गावच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट फिरून राहिला ना, की फुटबॉल वर्ल्ड कपच्या एका ग्रुपमधल्या टीमसमोर ७० टक्के लिहिलंय म्हणजे फिफानंच तिले पुढं पाठवायचं ठरवलं, ते साफ चुकीचं आहे. तो आकडा फिफाचा नाहीच, प्रेडिक्शन मार्केट म्हणजे अंदाजावर पैसे लावायच्या बाजारातला आहे. त्या बाजारात लोकं पैसे लावून सौदे घेतात-विकतात, जिंकल्यावर १ डॉलर देणारा सौदा ७० सेंटले चालू असला की तिथं ७० टक्के दिसते, अन् कापसाच्या भावासारखं ते घडीघडी बदलते. स्क्रीनशॉट झूम करून पाहा, वर बारीक अक्षरात 'ग्रुप विनर' आहे, म्हणजे पहिलं येण्याचा आकडा, पुढं जाण्याचा नाही. २०२६ ले १२ ग्रुप, प्रत्येकातल्या पहिल्या दोन तर जातातच, वरून तिसऱ्या नंबरच्या ८ टीमपण. अन् ७० म्हटलं तरी ३० उरतेच ना भाऊ! २०२२ ले जपाननं जर्मनी अन् स्पेन, दोघांनाही २-१ नं हरवून ग्रुप जिंकला, जर्मनी तिथूनच घरी गेली. आता त्या फोटोखाली लिंक टाकून कोणी कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे लावा म्हणत असन, तर पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केंद्रानं २०२५ मध्येच केला, हे त्याले सांगा अन् लिंक डिलीट करा.