डीएमझेड चालू करा म्हणणाऱ्या फॉरवर्डला

‘कंपन्यांची लूट ओळखा’ हा लांबलचक मेसेज गेले काही दिवस सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी दोनदा पाहून सोडून दिला होता. परवा रात्री मामांचा फोन आला. “अरे, शेडचा कॅमेरा दिसंना म्हणून त्यातलं सगळं केलं, तर आता नेटच गेलं की!” मामांची कोल्हापूरजवळ पोल्ट्री आहे. म्हणजे आता गप्प बसून चालणार नाही.

मेसेजचं म्हणणं असं: बाहेरून कॅमेरा बघायला स्टॅटिक आयपीचे, म्हणजे कायम एकच राहणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे पैसे भरू नका, राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून आलेली हाक थेट कॅमेऱ्याकडे वळवा. तरी नाही दिसला तर डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच यंत्राकडे सोडणारी सोय) चालू करून फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा पहारा) बंद करा. घरचा आयपी 192.168 ने सुरू होतो, हॅकर आत येऊच शकत नाही, त्यामुळे पासवर्ड 123456 पण चालतो. हजारो गिऱ्हाइकं एकाच आयपीवर असतात, पोलिसांनाही माग लागत नाही. आणि आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलं की स्पीड दुप्पट.

मामांना व्हिडिओ कॉलवर राऊटरचं स्टेटस पेज उघडायला लावलं. वॅनचा, म्हणजे राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा आयपी 100.72 ने सुरू होणारा. ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साईटवर मात्र भलताच आकडा. पोर्ट फॉरवर्डिंगचा विषय इथेच संपला. 100.64 पासून 100.127 पर्यंतचा पट्टा एप्रिल 2012 च्या आरएफसी 6598 या इंटरनेटच्या नियमपत्राने मुद्दाम राखून ठेवलाय, इंटरनेट कंपनीच्या स्वतःच्या नॅटसाठी (नॅट म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेकांना बसवणारी सोय). सुमारे 42 लाख पत्ते, आणि बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना काडीची किंमत नाही. म्हणजे तुमच्या राऊटरचा नॅट आहेच, त्याच्या पुढे कंपनीचा आणखी एक. बाहेरून कुणी हाक मारली तर ती त्या पुढच्या नॅटपाशी येते. ती कुणाकडे पाठवायची याची नोंद त्याच्याकडे नसते, मग तो ती टाकून देतो. तुमच्या राऊटरला पत्ताही लागत नाही. मग त्यात एक पोर्ट उघडा नाहीतर पासष्ट हजार. आणि यात लूट कसली? आयपीव्ही4 या जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण 429 कोटी, जगभर पत्ते वाटणाऱ्या आयाना संस्थेकडचा मोकळा साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला.

डीएमझेडवर मात्र माझं डोकं फिरलं. बाहेरून कॅमेरा दिसण्यासाठी त्याचा शून्य उपयोग, कारण वरचंच. पण त्याच केबलवाल्याची तुमच्यासारखी 100 ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची गिऱ्हाइकं असतात. कंपनीने त्यांना एकमेकांपासून तोडलं नसेल, तर तुमचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) त्यांच्यासमोर सताड उघडा. जगाला नाही दिसला, गल्लीला दिसला. त्यात फायरवॉल बंद, आणि लाईनवर आयपीव्ही6 असेल तर डीव्हीआरला नॅटशिवायचा थेट पत्ता मिळालेला असू शकतो. तिथे 192.168 चा कसलाही आडोसा नाही.

बरं, एक कबूल करतो. नॅटमुळे बाहेरचा कुणीही सरळ आत घुसू शकत नाही, हे अर्धं खरं आहे. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर पकडले, ते बहुतेक बाहेरून थेट पोचता येणारे होते. पण तो आत कसा शिरला? साठेक तयार पासवर्डची यादी घेऊन एकेक लावून बघत. त्या यादीत 123456 होता! शिवाय नॅट अडवतो बाहेरून आलेल्याला. पोराने क्रॅक केलेला गेम लॅपटॉपवर टाकला की चोर घरातच असतो, त्याला कसला नॅट आणि कसलं काय.

पोलिसांचं म्हणणं तर सोडाच. कोणत्या क्षणी कुठलं पोर्ट कुठल्या गिऱ्हाइकाला दिलं, याच्या नोंदी कंपन्यांना ठेवाव्या लागतात. आणि आयपीव्ही6 बंद करून स्पीड दुप्पट होत नाही. उलट नॅटला वळसा घालून घरी पोचायची जी एक वाट होती, तीच तुम्ही बुजवता.

स्टॅटिक आयपी प्रत्येकाला लागत नाही, एवढं मेसेजमधलं बरोबर. डीव्हीआर स्वतःच बाहेर तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो, मोबाईलचं ॲप त्याच सर्व्हरकडे जातं, आणि आतून निघालेल्या जोडणीला नॅट आडवा येत नाही. त्या सर्व्हरवर भरवसा ठेवावा लागतो, हे आलंच. तो ठेवायचा नसेल तर वायफायवाल्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवर चालणारा पत्ता मागा. तो रोज बदलणारा असला तरी चालतो, डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) लावता येतं. पण लाईन घेताना ‘तुम्हाला पब्लिक आयपी नाही’ एवढं एक वाक्य मामांना कुणी सांगितलं नाही, हा राग मात्र त्यांचा रास्त आहे.

राऊटर रीसेट केला, युजर आयडी परत टाकला, डीएमझेड बंद, फायरवॉल चालू, कॅमेरा ॲपवर. डीव्हीआरला चौदा अक्षरी पासवर्ड ठेवला. मामांनी तो शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवलाय, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर.