‘पास आऊट’चा अर्थ फक्त बेशुद्ध पडणं नाही

निकाल लागले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. ‘पास आऊट’ म्हणजे बेशुद्ध पडणं, दुसरा अर्थच नाही. शिक्षण पूर्ण झालं हा अर्थ आपल्याच लोकांनी घुसडला. बायोडेटात लिहिलात तर हसं होईल, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं.

दुसरा अर्थ नाही, हे बेळगावात राहून कुणी कसं म्हणू शकतं? मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र 1922 पासून इथं आहे. भरती झालेला पोरगा ट्रेनिंग संपवून मैदानावर शपथ घेतो, आईवडील गावाकडून बघायला येतात, आणि त्या संचलनाला सगळे ‘पासिंग आऊट परेड’च म्हणतात. हा शब्द आपण काढलेला नाही, ब्रिटिश सैन्याकडून आलाय. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं हा अर्थ ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या डिक्शनऱ्यांत आजही आहे. भारतात तो कॉलेजलाही लागू झाला, एवढाच आपला वाटा. शिवाय ‘शी पास्ड आऊट द पेपर्स’ म्हणजे तिनं पेपर वाटले, हा आणखी एक अर्थ.

कुठला अर्थ घ्यायचा ते शेजारचे शब्द सांगतात. ‘ही पास्ड आऊट इन द हीट’ म्हटलं की तो उन्हानं चक्कर येऊन पडला. ‘ही पास्ड आऊट ऑफ द अकॅडमी’ ऐकून कुणी पाणी आणायला धावत नाही.

बायोडेटाचं म्हणणं मात्र बरंचसं खरं आहे. कॉलेजच्या संदर्भात हा वापर परदेशात, विशेषतः अमेरिकेत, खटकतो. पदवीसाठी ‘ग्रॅज्युएटेड इन 2022’ लिहावं, पीयूसीसाठी, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीसाठी, ‘कम्प्लीटेड’. ‘आय ॲम अ 2022 पासआऊट’ तर टाळावंच. पण म्हणून घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि नोकरीसाठी इंग्रजी सांभाळणाऱ्या पोरांना हसं होईल म्हणून घाबरवू नये. आधीच ती इंग्रजीत तोंड उघडायला कचरतात, त्यात अर्धवट माहितीची भर कशाला?

खरी चूक त्या मेसेजमध्ये आलेलीच नाही. ‘आय पास्ड आऊट द एक्झाम’ असं पुष्कळ जण लिहितात, ते कुठल्याच इंग्रजीत बसत नाही. परीक्षेला ‘आऊट’ लावायचं नाही. ‘आय पास्ड द एक्झाम’ एवढंच लिहावं.