वेगापेक्षा खांब बघा

घरासाठी इंटरनेट कसं निवडावं यावरच्या लेखात वेग (एमबीपीएस) आणि महिन्याचा दर एवढाच तक्ता दिलाय. पण आमच्या साताऱ्यात घरी नेट घेताना पहिला प्रश्न वेगळाच: आपल्या गल्लीतल्या खांबापर्यंत फायबर कुणाची आलीय? वेबसाइटवर पिनकोड टाकला की सगळेच 'उपलब्ध' दाखवतात. शेजारच्या दोन घरी विचारलेलं बरं.

दुसरं म्हणजे जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे ३९९ चे ४७१ होतात. आणि 'अनलिमिटेड'लाही मर्यादा असते. जिओच्या फायबरला महिन्याला ३३०० जीबी, एअरफायबरला मात्र १०००. घरात दोन टीव्ही आणि कॉलेजची पोरं असली तर हा फरक जाणवतो. शिवाय एअरफायबर हवेतून येतं, त्यामुळे टॉवर कुठे आणि मध्ये काय, यावर सगळं अवलंबून. फायबर ओढणं शक्य नसेल तिथेच ते घ्यावं, असं माझं मत.

आमच्याकडे आधी एका मोठ्या कंपनीचं होतं. वेग उत्तम, पण वायर तुटली की कस्टमर केअर 'राउटर रीस्टार्ट करा' यापुढे जाईना. आता गावातल्या केबलवाल्याचं घेतलंय. रात्री आठनंतर थोडं रेंगाळतं, पण फोन केला की माणूस शिडी घेऊन येतो. घरून काम करणाऱ्याला याची किंमत कळेल!

लाइट गेल्यावर काय, हे लेखात कुठेच नाही. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. ओएनटी (फायबरची तार ज्याला जोडतात तो डबा) वेगळा असेल तर त्यालाही जोडायला विसरू नका, नाहीतर वायफाय दिसेल, नेट नाही.