विश्वस्त मंडळात तज्ज्ञ बसवले की झालं?

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं, की सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीच्या मंडळातून कर्मचारी प्रतिनिधी काढून गुंतवणुकीतले जाणकार बसवावेत. माझ्या लेखात मी मागितलेली निधीची बाहेरच्या तपासनीसाकडून तपासणी तुम्हाला कागद वाढवणं वाटते, आणि तिचा खर्च कोणी करायचा, असं तुम्ही विचारता.

अर्धं मला मान्य आहे. माझ्या लेखात ते यायला हवं होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहराने १९९६ आणि २००२ मध्ये ॲक्च्युअरीने (पुढची पेन्शन देण्यासाठी आज किती पैसे लागतील, याचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाने) काढलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे निधीत भरले. मंडळाने ते चालू दिलं, कारण त्याच सौद्यात कर्मचाऱ्यांचे लाभ वाढत होते. मत देणाऱ्यांपैकी काहींची स्वतःची पेन्शन त्यातून वाढणार होती. २००२ मध्ये उघड विरोध केला तो डायन शिपियोन या विश्वस्तांनी, आणि त्या गुंतवणूक क्षेत्रातल्याच होत्या.

पण त्यांचं ऐकलं कोणी? २००६ मध्ये एसईसी या अमेरिकेच्या शेअर-रोखे बाजाराच्या नियामकाने शहरावर ठपका ठेवला, तोही शहराचे रोखे घेणाऱ्यांपासून ही तूट लपवली म्हणून. ज्यांच्या म्हातारपणाचा तो पैसा, त्यांच्यासाठी तो ठपका नव्हता. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. अशी तूट वर्षानुवर्षं दिसतच नाही. पेन्शन वेळेवर जमा होत राहते, शहराचा यंदाचा खर्च वाचतो आणि बिल पुढच्या पिढीच्या नावावर चढतं.

आता जाणकारांचं. कॅलपर्स या कॅलिफोर्नियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या अवाढव्य पेन्शन निधीचे माजी मुख्य अधिकारी फ्रेड ब्वेनरोस्ट्रो यांना लाचखोरीत २०१६ साली साडेचार वर्षांची शिक्षा झाली. न्यूयॉर्क राज्याच्या निधीला तर एकच विश्वस्त असतो, राज्याचा कंप्ट्रोलर, म्हणजे हिशेब सांभाळणारा मुख्य अधिकारी. त्या पदावर पूर्वी असलेल्या ॲलन हेवेसी यांनी गुंतवणुकीच्या बदल्यात लाभ घेतल्याचं २०१० मध्ये न्यायालयात कबूल केलं. अनुभव दोघांकडेही भरपूर होता.

म्हणून खुर्चीत कोण, यापेक्षा मी दोन गोष्टींसाठी भांडतो: ॲक्च्युअरीचा आकडा सरकारवर बंधनकारक असावा, आणि निधीची गुंतवणूक मिळवून देणाऱ्या दलालांना दिलेला प्रत्येक पैसा जाहीर व्हावा. तपासणीचा खर्च निधीतूनच करावा. तपासनीस मात्र मंडळाने नेमू नये.