इंजिन बाकी टकाटक आहे

मे महिना, भर दुपार, खंबाटकी घाट. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आम्ही चौघं काचा खाली करून, हीटर लावून बसलो होतो. काटा लाल पट्टीकडे सरकला की हीटर लावायचा, म्हणजे इंजिनाची धग आत येते आणि गाडी तगते, ही गॅरेजवाल्याची शिकवण. गाडी तगली. सासूबाई मात्र साताऱ्याला उतरल्या त्या परतीचं एसटीचं तिकीट काढूनच घरात शिरल्या.

त्या रात्री ठरलं, आता गाडी काढायची.

तसं ते दरवर्षी ठरतं. पण विकायला गाडी चालती हवी, म्हणून आधी रेडिएटर बदलला. नवाकोरा रेडिएटर दुसऱ्याच्या घशात कशाला घाला, म्हणून वर्षभर वापरली. तेवढ्यात क्लच गेला. क्लचप्लेट घातल्यावर टायर लाजायला लागले. २०२४ साली गाडीला पंधरा वर्षं झाली. आरटीओची पाच हजार फी, वर ग्रीन टॅक्स, आणि पासिंगला न्यायच्या आधी गंजलेल्या दाराला पुट्टी मारून रंग. कागदावर आणखी पाच वर्षं मिळाली. माझे रिपोर्ट बघून डॉक्टर एवढी खात्री देत नाहीत.

गॅरेजवाल्याला विचारण्यात अर्थ नाही. तो बॉनेट उघडतो, कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, "साहेब, इंजिन बाकी टकाटक आहे." या 'बाकी'त काय काय येतं ते बिलावर कळतं.

शेवटी ही मला शोरूममध्ये घेऊन गेली. टाय लावलेल्या पोरानं आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली. टायरला बुटानं हलकेच ढोसलं.

"सर, एक्स्चेंजमध्ये चाळीस हजार."

"अरे, तेवढ्याचे तर टायर, क्लच आणि रेडिएटर आहेत! म्हणजे उरलेली गाडी तुला फुकट?"

"सर, उरलेल्या गाडीचे आम्ही काही कापत नाही आहोत."

मी ताडकन उठलो, गाडीत बसलो, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. बॅटरी! टाय सावरत दोन पोरांनी धक्का मारला. सेकंडला टाकून क्लच सोडला, गाडी दोन गचके देऊन सुरू झाली. थांबलो तर पुन्हा बंद पडेल म्हणून थांबलोच नाही, तसाच फाटकाबाहेर पडलो. आरशात एक पोरगं कोटेशनचा कागद हलवत धावताना दिसलं.

ही अजून आत रंग बघत होती, हे मला पुढच्या सिग्नलला आठवलं.